जुन्या लॅपटॉपवर लिनक्स कर्नल ६.१२ टाकून बघावा का? (सध्या डेबियन १२)

फळा_खडू (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

माझा लॅपटॉप २०१४ चा. दोन कोअर, चार थ्रेड, ८ जीबी रॅम. मूळची हार्ड डिस्क काढून तीन वर्षांपूर्वी एसएसडी बसवली. त्यावर डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती आहे, म्हणजे कर्नल (हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामधला लिनक्सचा गाभा) ६.१. शाळेच्या प्रश्नपत्रिका, गुणतक्ते आणि संध्याकाळी दहावीच्या मुलांचे ऑनलाइन तास, सगळं याच एका मशीनवर.

तास चालू असताना मागे स्कॅन केलेल्या वह्यांची पीडीएफ करायला लावली की माझा आवाज तुटतो. मुलं म्हणतात, "सर, शब्द गाळले जातायत." कोणत्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा हे ठरवणारा कर्नलमधला भाग, म्हणजे शेड्यूलर, ६.६ पासून बदललाय आणि ६.१२ मध्ये त्याचं उरलेलं काम पुरं झालंय असं वाचलं. ६.१२ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला आणि तो दीर्घकाळ सांभाळला जाणार आहे. त्यामुळे तो चालवून बघायची फार इच्छा आहे.

विचारायचं ते असं: माझा डेटा सुरक्षित राहील ना? स्वतः कंपाइल करू, म्हणजे सोर्सपासून घरी बांधू, की बॅकपोर्ट्समधून (डेबियनने चालू आवृत्तीसाठी दिलेली नवी पॅकेजेस) तयार कर्नल घेऊ? आणि नाही जमलं तर जुन्यावर परत कसं यायचं? मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे, मशीन आठवडाभर बंद पडलेलं परवडणार नाही.

तांबडा_रस्सा

आमचे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत. खांद्यावरून शीर्षक वाचून विचारतात, "हे कर्नल कोणत्या पलटणीचे?"

बाकी धागा वाचतोय. मलाही हेच करायचंय.

खटपट्या

फळा_खडू सर, जरूर टाका. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते कळलं की भीती जाते. नवा कर्नल बसवला म्हणून जुना पुसला जात नाही. दोन्ही /बूट मध्ये शेजारी शेजारी राहतात आणि ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडायचा मेन्यू) 'अ‍ॅडव्हान्स्ड' यादीतून हवा तो निवडता येतो. त्यातही एक सोय फार कमी लोक वापरतात: ग्रबच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट 'सेव्ह्ड' करायचं, जुना कर्नल कायमचा म्हणून नेमायचा आणि नव्यासाठी 'ग्रब-रीबूट' ही आज्ञा द्यायची. मग नवा कर्नल फक्त पुढच्या एका बूटपुरता येतो. अडकला, तर बटण दाबून बंद करा. पुन्हा चालू केलंत की जुनाच येईल, यादीत शोधाशोध करायला नको.

आता कंपाइल. सोर्स दीडशे एमबीच्या आतबाहेर आहे. बिल्ड-इसेन्शियल, बायसन, फ्लेक्स, बीसी, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह अशी पॅकेजेस आधी घ्या. चालू कर्नलचं कॉन्फिग /बूट मधून उचलून सोर्सच्या फोल्डरात ठेवा. डेबियनचं कॉन्फिग जगातल्या सगळ्या मशीनसाठी असतं, त्यात हजारो मॉड्यूल्स, म्हणजे गरजेप्रमाणे लोड होणारे ड्रायव्हरसारखे तुकडे. चार थ्रेडच्या लॅपटॉपला ते बांधायला दिवस जाईल. म्हणून 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालवा. या घडीला जी मॉड्यूल्स लोड झालेली आहेत तेवढीच ते ठेवतं. इथे सावध: तुम्ही कधीमधी जे जोडता ते सगळं आधी जोडून घ्या. वेबकॅम, प्रिंटर, पेनड्राईव्ह, फोनचं टेदरिंग. जे त्या वेळी लोड नसेल ते कर्नलमध्ये येणारच नाही.

दोन खड्डे ठरलेले आहेत. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये 'सिस्टिम ट्रस्टेड कीज' या ओळीत डेबियनच्या प्रमाणपत्राचा पत्ता असतो. ती फाईल तुमच्याकडे नसते, त्यामुळे बिल्ड मध्येच मोडतं. ती ओळ रिकामी करा. दुसरं, डीबग इन्फो बंद करा, नाहीतर डिस्कवर कित्येक जीबी जातील.

मग 'मेक बिनडेब-पीकेजी'. हातात डेब पॅकेजेस येतात, काढून टाकायचं झालं तर नेहमीसारखं अ‍ॅप्टने काढता येतं. हेडर्सचं पॅकेजही बसवा, बाहेरचा एखादा ड्रायव्हर डीकेएमएसने (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप बांधणारं साधन) बांधायचा असेल तर लागतं. सिक्युअर बूट चालू असेल तर स्वतः बांधलेल्या कर्नलवर सही नसल्यामुळे तो उभा राहणार नाही, तेवढं बघून घ्या.

डेटाचं म्हणाल तर बॅकअप घ्या. आधी बॅकअप, मग बाकी सगळं.

निवांत_पाखरू

खटपट्या यांनी रीत अचूक सांगितलीय, पण मुळात मला हे पटत नाही. २०१४ च्या लॅपटॉपला नवा कर्नल देणार काय? नव्या कर्नलमधलं पुष्कळसं काम नव्या हार्डवेअरसाठी असतं. जे आहे ते चालतंय. दहावीचं वर्ष आहे, मुलांचे तास आहेत.

आवाजाच्या तक्रारीवर आधी साधा उपाय करा. पीडीएफची आज्ञा 'नाइस' १९ लावून द्या, सोबत 'आयोनाइस', म्हणजे प्रोसेसर आणि डिस्कच्या रांगेत ती मागे राहील. कर्नलला हात न लावता काम होईल. आणि शेड्यूलर बदलल्याने फरक पडला असं लोक म्हणतात तेव्हा मोजून कुणी बघितलेलं नसतं, मनाला तसं वाटतं एवढंच.

एक आणखी. स्वतः बांधलेला कर्नल म्हणजे सुरक्षा अपडेटची जबाबदारीही तुमची. ६.१२.१, ६.१२.२ असे हप्ते सतत येत राहतात. दरवेळी बांधत बसणार का?

दूरदेशी

म्युनिकहून नमस्कार. पाखरू यांचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पहिल्याबद्दल मात्र मतभेद आहे. त्यासाठी कर्नल कसा बाहेर पडतो ते थोडक्यात सांगतो.

दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. पहिले दोन आठवडे लिनस टोरवाल्ड्स नवे बदल आत घेतात. मग आरसी-१ (रिलीज कँडिडेट, म्हणजे चाचणीची आवृत्ती) निघतो आणि पुढे दर रविवारी आरसी-२, आरसी-३ असं करत आरसी-७ पर्यंत, कधी आरसी-८ पर्यंत, फक्त दुरुस्त्या. एका आवृत्तीत साधारण बारा-चौदा हजार बदल असतात. एवढं सगळं लिहिणाऱ्यांच्या टेबलावर कोणती मशीन असतात? बहुतेक नवी. दहा वर्षं जुन्या लॅपटॉपचा बॅकलाइट, त्याचा टचपॅड, झोपेतून जागं होणं हे कुणी तपासायचं? ज्याच्याकडे ते मशीन आहे त्यानेच. त्याने आज बघितलं नाही, तर दोन वर्षांनी डेबियनची पुढची आवृत्ती घेईल तेव्हा तोच बिघाड त्याच्यासमोर उभा राहील आणि तोवर तो बदल करणारा माणूस दुसऱ्या कामाला लागलेला असेल.

मात्र आरसी-१ रोजच्या मशीनवर कधीही नको. फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी आलेला ५.१२ चा आरसी-१ आठवा. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वेगळं पार्टिशन न ठेवता फाईल वापरणाऱ्यांचा स्वॅप डिस्कवर भलत्याच जागी लिहिला जात होता, थेट फाईलसिस्टिमवर, म्हणजे डिस्कवरच्या फाईलींच्या मांडणीवरच. टोरवाल्ड्सनी त्या आवृत्तीच्या नावालाच 'डोन्टयूज' असं शेपूट जोडलं, म्हणजे चुकूनही कुणी उचलू नये.

खटपट्या

आणि 'जुनं ते सुरक्षित' हेही सरसकट खरं नाही, पाखरू. डिसेंबर २०२३ आठवतो का? डेबियन १२.३ ऐनवेळी थांबवावं लागलं होतं. त्यात ६.१.६४ होता, तुमच्या त्याच जुन्याजाणत्या ६.१ मालिकेतला. एक्सटी४ या फाईलसिस्टिमची एक दुरुस्ती नव्या कर्नलमधून मागे आणली, पण ती ज्या दुसऱ्या बदलावर उभी होती तो आणायचा राहिला. डेटा खराब होण्याचा धोका निर्माण झाला. मग ६.१.६६ घेऊन थेट १२.४ काढलं.

निवांत_पाखरू

आठवतो, आणि मुद्दा मान्य. पण तो दोष लवकर सापडला, कारण ती मालिका असंख्य लोक चालवतात. तुमचं लोकलमॉडकॉन्फिगने कापलेलं कॉन्फिग जगात एकटे तुम्हीच चालवणार. ते बिघडलं तर कुणाला विचारायचं?

ओसरीवरचे_काका

पोरांनो, वाचून जुने दिवस आठवले. नव्वदच्या दशकात पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या. आम्ही नाशिकला चौघांनी मिळून एक अंक घ्यायचा आणि सीडी घरोघर फिरायची. तेव्हा कंपाइल करणं हौसेचं काम नव्हतं. साउंड कार्ड वाजवायचं तर कर्नल बांधायलाच लागायचा. आधी 'मेक डेप', मग 'मेक बीझेडइमेज', मग 'मेक मॉड्यूल्स'. रात्री दहाला लावायचं आणि वीज जाऊ नये म्हणून देवाला हात जोडून झोपायचं. सकाळी उठून बघायचं.

ग्रब नव्हतं, लिलो होतं. त्याचा नकाशा बिघडला की पडद्यावर 'एल' आणि 'आय' एवढी दोनच अक्षरं उमटून सगळं थांबायचं. त्यामुळे प्रत्येकाच्या खणात एक बूट फ्लॉपी असायची. फळा_खडू, तुम्हीही लाइव्ह डेबियनचा एक पेनड्राईव्ह करून ठेवा. ग्रब-रीबूट उत्तमच, पण हाताशी एक दोर असावा.

रानजाई

दूरदेशी जे म्हणतात ते मी स्वतः केलंय, म्हणून लिहिते.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका आवृत्तीनंतर ब्राइटनेसची बटणं चालेनाशी झाली. आधीच्या आवृत्तीवर चालत होती. नुसतं "चालत नाही" असं कळवलं तर कुणाला शोधता येणार? म्हणून गिट (कर्नलमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) वापरून 'बायसेक्ट' केलं. पद्धत शब्दकोश उघडण्यासारखी आहे. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती सांगायची, गिट बरोबर मधला बदल काढून देतं. तो बांधायचा, बूट करायचा, बटण दाबून बघायचं आणि 'गुड' किंवा 'बॅड' लिहायचं. दरवेळी निम्मे बदल बाद होतात. तेरा-चौदा हजार बदलांत चौदा फेऱ्यांत नेमका एक हाती लागतो.

माझ्या चार संध्याकाळी गेल्या. लोकलमॉडकॉन्फिग इथेच खरं उपयोगी पडतं, नाहीतर एकेका फेरीला अख्खी रात्र. तिसऱ्या संध्याकाळी एकदा चुकून 'गुड' च्या जागी 'बॅड' लिहिलं गेलं आणि चार फेऱ्या वाया गेल्या. तेव्हापासून प्रत्येक फेरी वहीत लिहिते. (बायसेक्टचा लॉगही ठेवता येतो, हे मला नंतर कळलं.)

मग तो बदल ज्यांनी केला त्यांना आणि रिग्रेशनच्या (आधी चालणारं नव्या आवृत्तीत बिघडणं) मेलिंग लिस्टला पत्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सोबत चाचणीसाठी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा. लावला, बटणं चालली. तो पॅच कर्नलमध्ये गेला तेव्हा खाली 'रिपोर्टेड-बाय' आणि 'टेस्टेड-बाय' या दोन ओळींत माझं नाव होतं. मी सी भाषेत कर्नलची एक ओळही लिहिलेली नाही. तरी ते नाव त्या इतिहासात आहे आणि कुणी पुसणार नाही.

दंडवत_वाला

रानजाई, दंडवत घ्या!

फळा_खडू

सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाईताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. विज्ञानाच्या तासाला मुलांना सांगणार आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणं म्हणजे काय ते.

पाखरू यांचा उपाय आधी करून बघितला. टर्मिनलमधून नाइस १९ लावून पीडीएफची आज्ञा दिली. काहीच फरक नाही, आवाज तसाच तुटला. आयोनाइसनेही नाही. माझं काही चुकतंय का?

खटपट्या

तुमचं चुकलेलं नाही. हे ऑटोग्रुपमुळे होतंय. २.६.३८ पासून, म्हणजे २०११ पासून, कर्नल प्रत्येक सेशनमधल्या कामांचा आपोआप एक गट करतो आणि प्रोसेसर गटागटांत वाटतो. तुमचं टर्मिनल एक गट, ब्राउझर दुसऱ्या गटात. नाइस चालतं ते गटाच्या आत. टर्मिनलच्या गटात पीडीएफशिवाय दुसरं कुणी नाहीच, मग तिला नाइस १९ देऊन ती कुणाला पुढे जाऊ देणार? एकट्याच्या रांगेत मागे उभं राहण्यासारखं आहे ते.

बूटच्या ओळीत 'नोऑटोग्रुप' लिहून बघा. किंवा त्या प्रोसेसच्या /प्रॉक मधल्या ऑटोग्रुप फाईलमध्ये नाइसचा आकडा लिहा, म्हणजे अख्खा गटच मागे सरकतो. डेस्कटॉपनुसार सिस्टिमडीही (बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) स्वतःचे गट करतं, त्यामुळे दोन्ही करून बघा.

निवांत_पाखरू

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाइस वर्षानुवर्षं वापरतोय, पण सर्व्हरवर. तिथे प्रश्न आला नाही. खटपट्या, आभार.

यंत्र_शिरोली

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. एका जुन्या मिलिंग मशीनला स्टेपर मोटर लावून ते लिनक्ससीएनसीवर (कॉम्प्युटरने यंत्र चालवायचं सॉफ्टवेअर) चालवतो. आमच्यासाठी ६.१२ ही फार मोठी गोष्ट आहे आणि इथे अजून कुणी तिचं नावच काढलं नाही, म्हणून लिहितो.

स्टेपर मोटरला ठरल्या क्षणी पल्स जावी लागते. कॉम्प्युटर पॅरलल पोर्टमधून ती पल्स देतो. एखादी पल्स उशिरा गेली की मोटर स्टेप चुकते. मग पुढचा सगळा कट तेवढा सरकतो आणि जॉब भंगारात. साधा कर्नल सरासरीने वेगवान असतो, पण कधीतरी एखाद्या कामात गुंततो आणि हाक ऐकायला वेळ लावतो. आम्हाला सरासरीशी देणंघेणं नाही. सगळ्यात वाईट वेळ किती, तेवढंच बघतो.

यासाठी प्रीएम्प्ट-आरटी नावाचा पॅचचा गठ्ठा वीस वर्षं कर्नलच्या बाहेर होता. थॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोल्नार आणि त्यांच्या साथीदारांनी तो सांभाळला आणि त्यातला एकेक तुकडा मुख्य कर्नलमध्ये नेत राहिले. शेवटचा अडथळा प्रिंटकेचा होता, कर्नल आपले संदेश छापतो तो भाग. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ग्लाइक्सनर यांनी शेवटची विनंती कागदावर छापून टोरवाल्ड्सच्या हातात दिली. त्यामुळे ६.१२ मध्ये बाहेरचा पॅच न लावता, कॉन्फिगमध्ये एक पर्याय निवडला की झालं. एक्स८६, एआरएम-६४ आणि रिस्क-व्ही तिन्हींवर.

आम्ही गेल्या रविवारी बांधला. लेटन्सी-टेस्ट (उशीर मोजणारा प्रोग्रॅम) लावून ठेवला, वर ब्राउझर उघडला, मोठ्या फाईली कॉपी केल्या, दिवसभर मशीन घोळसलं. आधीच्या साध्या कर्नलवर मध्येच आकडा काही शे मायक्रोसेकंदांवर उडायचा. आता संध्याकाळपर्यंत चाळीसच्या आत राहिला. मशीन सुरू झालं तेव्हा मोटरचा सूर सलग होता. ज्याने स्टेप चुकलेल्या मोटरचा तो कर्कश आवाज ऐकलाय त्याला कळेल मी काय म्हणतोय ते.

तांबडा_रस्सा

मग फळा_खडू सरांनीही आरटीच घ्यावा की! आवाज तुटणारच नाही.

यंत्र_शिरोली

नको. आरटी म्हणजे वेग नव्हे, वेळ पाळणं. त्यासाठी एकूण काम थोडं कमीच होतं. सरांची पीडीएफ आणखी हळू होईल. शिवाय लॅपटॉपमध्ये फर्मवेअर स्वतःचे एसएमआय नावाचे व्यत्यय आणतं, बॅटरी-पंखा सांभाळायला. तेवढा वेळ प्रोसेसर कर्नलच्या हातातून निघून जातो, त्याला आरटीही काही करू शकत नाही. म्हणून आम्ही सीएनसीला लॅपटॉप लावत नाही, जुना डेस्कटॉप लावतो.

शाई_दौत

थोडं अवांतर विचारते. कर्नलचे जाणकार जमलेत म्हणून. ग्राफिक नसलेल्या काळ्या कन्सोलवर मराठी फाईलनावांच्या जागी चौकोन का दिसतात? आणि दुसरं, भावाच्या विंडोज लॅपटॉपवरून लोकगीतांचं फोल्डर आणलं, त्यातल्या काही फाईली डेबियनवर कॉपीच होत नाहीत. "नाव फार लांब" असं येतं. विंडोजवर तर चालत होत्या.

दूरदेशी

अवांतर नाही, हा कर्नलचाच प्रश्न आहे. त्या कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि एका चौकोनात एक आकृती एवढंच त्याला येतं. जोडाक्षरं बांधणं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी नेणं हे काम वरच्या थरातल्या हार्फबझसारख्या लायब्ररी करतात. कर्नलमध्ये ते नाही.

नावाचं गणित मजेदार आहे. एक्सटी४ वर फाईलच्या नावाला २५५ बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'महाराष्ट्र' हा शब्द लिहायला दहा चिन्हं, म्हणजे तीस बाइट. नावात आठ वेळा 'महाराष्ट्र' लिहिलंत की जागा जवळपास संपली. विंडोजची एनटीएफएस २५५ मोजते ती बाइट नव्हे, सोळा बिटांचे एकक, आणि देवनागरीचं एक चिन्ह एकाच एककात बसतं. म्हणून तिथे तिप्पट लांब नाव चालतं.

शाई_दौत

किती दिवसांचं कोडं सुटलं! भाऊ गाण्याची अख्खी पहिली ओळ, गाणारीचं नाव आणि गाव असं सगळं फाईलच्या नावात लिहितो. मावळातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, त्यामुळे कुणी गायली आणि कुठे हे जायला नको. आता नावं छोटी करून बाकीची माहिती वेगळ्या तक्त्यात ठेवते.

ओसरीवरचे_काका

ओव्यांचा तक्ता झाला की त्यावर वेगळा धागा काढा. आवर्जून.

फळा_खडू

मंडळी, केलं एकदाचं. शनिवारी दुपारी बॅकअप घेतला, लाइव्ह पेनड्राईव्ह केला, मग सोर्स उतरवला. प्रमाणपत्राच्या खड्ड्याची आधीच सूचना मिळाल्यामुळे तो चुकला. लोकलमॉडकॉन्फिगनंतर बिल्ड दीड तासात झालं, पंखा मात्र पूर्ण वेळ ओरडत होता. ग्रब-रीबूट देऊन सुरू केलं आणि पहिल्याच फटक्यात डेस्कटॉप आला. टर्मिनलमध्ये ६.१२ बघून मुलीला हाक मारून दाखवलं.

वायफाय, आवाज, वेबकॅम, झाकण मिटून उघडणं सगळं ठीक. अडलं ते सोमवारी शाळेत. परीक्षा विभागाचा पेनड्राईव्ह उघडेना. लावला की डिव्हाइस दिसतं, पण माउंट होत नाही. घरी तोच पेनड्राईव्ह जोडून ठेवूनच लोकलमॉडकॉन्फिग चालवलं होतं. जुन्या कर्नलवर परत आलो तर लगेच उघडला, त्यामुळे काम अडलं नाही. हा रिग्रेशन आहे का? बायसेक्ट करू?

रानजाई

थांबा, बायसेक्टआधी दोन प्रश्न. पेनड्राईव्ह कोणत्या फाईलसिस्टिमचा आहे? आणि घरी नुसता जोडला होता की फाईल मॅनेजरमध्ये उघडलाही होता?

फळा_खडू

एक्सफॅट आहे. आणि नुसता जोडला होता, उघडला नव्हता.

रानजाई

मग तेच. जोडल्यावर यूएसबी-स्टोरेजचं मॉड्यूल लोड होतं. एक्सफॅटचं मॉड्यूल माउंट करतानाच लोड होतं. तुम्ही उघडलाच नाही, त्यामुळे ते यादीत आलं नाही आणि कापलं गेलं. मेन्यूकॉन्फिगमध्ये (कॉन्फिगचे पर्याय निवडायचा मेन्यू) जाऊन एक्सफॅट चालू करा. सोबत व्हीफॅट आणि 'नेटिव्ह लँग्वेज सपोर्ट' मधले कोडपेज ४३७, आयएसओ ८८५९-१ आणि यूटीएफ-८ हेही, नाहीतर उद्या कुणाचा जुना पेनड्राईव्ह अडेल. पुन्हा बांधायला फार वेळ लागणार नाही.

खटपट्या

"जोडून घ्या" असं मी लिहिलं होतं, "उघडून घ्या" असं लिहायला हवं होतं. वरच्या प्रतिसादात दुरुस्ती करतो. पुढे हा धागा वाचून कुणी करेल त्याला उपयोग होईल.

निवांत_पाखरू

सर, मूळ प्रश्न राहिला. आवाजाचं काय झालं? मोजलंत का?

फळा_खडू

मोजलं. तुमच्या सांगण्यावरूनच.

प्रत्येक वेळी त्याच चाळीस पानांची पीडीएफ आणि पलीकडे फोनवर माझ्याच तासाचं रेकॉर्डिंग. दहा मिनिटांत आवाज किती वेळा तुटला ते मुलीने मोजलं, कोणता कर्नल चालू आहे हे तिला न सांगता. ६.१ वर काहीही न करता एकोणीस वेळा. ६.१ वर नोऑटोग्रुप आणि नाइस १९ लावून तीन वेळा. ६.१२ वर काहीही न करता सात वेळा. ६.१२ वर तेच दोन्ही लावून एकदाही नाही. प्रत्येक प्रकार दोन-दोनदा केला, आकडे थोडे इकडेतिकडे झाले पण क्रम तोच राहिला.

निवांत_पाखरू

म्हणजे नाइसचा वाटा मोठा, पण नव्या शेड्यूलरचाही आहे. 'मनाला तसं वाटतं' हे माझं वाक्य मागे घेतो. कोणता कर्नल ते न सांगता मोजून घेतलंत, हे सगळ्यात आवडलं.

सुरक्षा अपडेटचं मात्र अजून सांगतो.

फळा_खडू

त्याचाही विचार केला. दर हप्ता घरी बांधणं परीक्षेच्या दिवसांत मला जमणार नाही. एवढ्यात डेबियनच्या बॅकपोर्ट्समध्येही ६.१२ आला, तो रोजच्यासाठी घेतला. त्यात एक्सफॅट, टेदरिंग सगळं आहे. ६.१ यादीत ठेवलाय. स्वतः बांधलेलाही तिसऱ्या जागी आहे, सोर्सचं फोल्डर पुसलेलं नाही. पुढच्या आवृत्तीचा आरसी-४ वगैरे निघेल तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत जुन्या हार्ड डिस्कवर वेगळं डेबियन टाकून चालवून बघणार आहे. या मॉडेलवर काही बिघडलेलं दिसलं तर रानजाईताईंना विचारून पत्र लिहीन.

यंत्र_शिरोली, एक विनंती होती. नववीच्या मुलांना ते मिलिंग मशीन चालताना बघायचंय. आमच्या साताऱ्याहून शिरोलीला एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. पंधरा मुलं आणि आम्ही दोन शिक्षक.

यंत्र_शिरोली

या की सर. रविवारी या, बाकीची यंत्रं बंद असतात, मोटरचा आवाज नीट ऐकू येतो. मुलांना चपला नको, बूट घालून आणा, फरशीवर बुरादा असतो. साधा कर्नल आणि आरटी दोन्ही ग्रबमध्ये ठेवलेत, दोन्हींवर एकच चांदणी लाकडावर कापून दाखवतो.